पुलाचे दगड, घरोघरी

अध्यक्ष पोकलेनच्या पुढ्यात आडवे झाले तेव्हा पोकलेन बंद होतं. ड्रायव्हर चहा प्यायला गेला होता. पण फोटोत ते कळत नाही. फोटोत दिसतो तो वर लोखंडी दातांचा पंजा, आणि त्याच्या बरोबर खाली पांढऱ्याशुभ्र कपड्यांतले अध्यक्ष, डोळे मिटून निपचित पडलेले. डोक्याखाली कुणीतरी घाईघाईने सारलेली उशी होती, ती वर्तमानपत्राने छापताना कापली.

गावातून जाणारा एकेरी रेल्वेमार्ग दुहेरी करायचं काम चाललं होतं. त्यासाठी नदीवर, स्टेशनच्या अगदी टोकाला, दुसरा पूल हवा होता. पाया खणताना पोकलेनचा दात कशावर तरी खाडकन आपटला आणि माती बाजूला केल्यावर घडीव दगड दिसले. एकावर एक नीट रचलेले, कोपऱ्यात छिन्नीने कोरलेला एक छोटा मासा. हा जुना पूल होता, आणि जुन्या पुलाची गोष्ट गावातल्या शेंबड्या पोरालाही पाठ होती.

गोष्ट अशी, की फार पूर्वी नदीला महापूर आला आणि हा भक्कम पूल वाहून गेला. पण अध्यक्षांच्या घराण्याचे मूळपुरुष हातात मशाल घेऊन पुलाच्या तोंडाशी उभे राहिले, येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी परत फिरवलं आणि एकही जीव जाऊ दिला नाही. भर चौकात त्यांचा मशाल घेतलेला पुतळा आहे. मूळपुरुषांचं चित्र कुणाकडेच नसल्यामुळे शिल्पकाराने अध्यक्षांनाच समोर बसवून पुतळा घडवला. त्यामुळे पुतळ्याला चष्मा नाही एवढं सोडलं तर साम्य थक्क करणारं आहे, आणि रक्ताचा गुण म्हणून अध्यक्ष ते पाहुण्यांना आवर्जून दाखवतात.

अध्यक्ष हे त्यांचं पद म्हणण्यापेक्षा नावच होतं. वाचनालय, पोहण्याचा तलाव, निवृत्तांचा संघ, जिथे म्हणून खुर्ची होती तिथे ते होते. दगड सापडले त्याच संध्याकाळी त्यांनी वारसा बचाव समिती काढली आणि अध्यक्षपदासाठी दुसऱ्या कुणाचं नाव सुचतंय का म्हणून सगळ्यांकडे प्रेमाने पाहिलं. कुणाला सुचलं नाही.

त्यांच्या विरुद्ध उभा होता रेल्वेचा इंजिनिअर. बाहेरून बदली होऊन आलेला, काटकुळा, पित्ताचा त्रास असलेला माणूस. वरून रोज फोन येई, "काम कुठवर आलं?" आणि खाली रोज समितीची माणसं पायात पाय घालत.

"अहो साहेब," तो काकुळतीला येऊन म्हणाला, "गाड्या जिवंत माणसांसाठी असतात. मेलेल्या दगडांसाठी मी लोकांचा खोळंबा किती करू?"

"ज्या गावाला भूतकाळ नाही त्याला भविष्यकाळ कुठला?" अध्यक्षांनी विचारलं. टाळ्या पडल्या. अध्यक्ष बोलायला उभे राहिले की टाळ्या वाजवणारे चौघे सोबत असतच.

शेवटी वरून हुकूम आला, की पुरातत्त्व खात्याने तपासणी करावी, तोवर खोदाई थांबवावी. अध्यक्षांनी ओळखीपाळखी वापरल्या आणि तपासणीवर आपल्याच सुनेची नेमणूक करून घेतली. तोवर ते चारचौघांत "आमची सून सरकारी पगारावर मातीत खेळते" असं म्हणत. त्या दिवसापासून "आमच्या सूनबाई, पुरातत्त्वज्ञ" असं म्हणायला लागले, आणि त्यातला 'ज्ञ' ते घास चावावा तसा चावून म्हणत.

सून खात्यात चांगली मुरलेली होती. गावाने तिचं नाव कुदळबाई ठेवलं होतं, जरी तिच्या हातात कुदळ क्वचित आणि ब्रश जास्त असे. "घरचंच काम आहे," सासऱ्यांनी तिला निघताना सांगितलं. "तुला फार खणायचीही गरज नाही. इतिहास मी सांगतो, तू फक्त मापं घे."

तिने मापं घेतली. आणि मापं घेता घेता तिच्या कपाळाला आठी पडली.

नदीपलीकडचा खांब गाळातून जवळजवळ अखंड निघाला. गावाकडचा खांब मात्र जागेवर नव्हताच. खालचे काही थर तेवढे उरले होते आणि त्यांच्या कडांवर पहारीचे घाव होते, ताजे वाटावेत असे. त्या घावांवर पुराचा गाळ बसला होता, गुळगुळीत, कुठेही न फाटलेला.

"हे बघा," तिने इंजिनिअरला बोलावून दाखवलं. तो नाक मुरडतच खड्ड्यात उतरला. "आधी पहार लागली आहे. गाळ नंतर आलाय."

"मग?"

"मग दगड पुराने पाडले नाहीत. पुराने पाडले असते तर प्रवाहाच्या दिशेने खाली कुठेतरी पडलेले सापडले असते. मी खाली बरंच खणून पाहिलं. एकही नाही. पुराच्या आधीच कुणीतरी ते पद्धतशीर काढून नेलेत. पूल पोखरलेला होता. पाणी आलं आणि तो बसला."

इंजिनिअर गावाकडच्या काठाकडे पाहत राहिला. पूल हा त्याचा धंदा होता. "खांबातून दगड काढले?" तो म्हणाला. "वरून वाहतूक चालू असताना?" अंगावर पाल पडावी तसा त्याचा चेहरा झाला होता. "आणि गेले कुठे?"

"ते मला माहीत नाही," ती म्हणाली, आणि तेव्हा ते खरंच तिला माहीत नव्हतं.

पुढच्या आठवड्यात गाळात एक बैलगाडीचं चाक मिळालं. चाकापाशी हाडं होती. दोन माणसांची. एक मोठं, एक लहान. लहानाच्या मनगटापाशी तांब्याचं कडं होतं, हिरवं पडलेलं. पलीकडच्या काठावर मातीभराव चालू होता, तिथली यंत्रं घरघरत होती. इंजिनिअर वर गेला, कुणाचाही हुकूम नसताना त्याने ती बंद करायला लावली आणि परत येऊन खड्ड्याच्या काठावर हेल्मेट मांडीवर घेऊन बसला.

"एकही जीव गेला नाही म्हणतात ना तुमच्याकडे?" त्याने विचारलं.

"म्हणतात," ती म्हणाली.

इकडे घरी लगीनघाई होती. राजधानीहून मोठ्या लोकांचं पथक पूल पाहायला येणार होतं आणि अध्यक्षांनी त्यांना चहाला घरी बोलावलं होतं. घर जुनं, दगडी जोत्याचं, पण वर्षानुवर्षं ऑइलपेंटचे थर चढून ते सरकारी दवाखान्यासारखं दिसे. "अस्सल दगड दिसला पाहिजे," अध्यक्षांनी रंगाऱ्याला बजावलं. "आमच्या घराण्याचा दगड आहे तो. सगळा रंग खरवडून काढ." रंगाऱ्याने मन लावून खरवडला.

सून संध्याकाळी घरी आली तेव्हा सासूबाई दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर सुनेने कधी न पाहिलेलं काहीतरी होतं. ते हसू होतं हे तिला जरा उशिराने समजलं.

"ये गं ये," त्या म्हणाल्या. "आपल्या घरातले मासे बघ."

पायरीवर मासा होता. दुसऱ्या पायरीवर मासा. जोत्यात ओळीने मासे, काही सुलटे, काही उलटे, एक उभा. पुलावरचाच मासा, तीच वळलेली शेपटी. रंगारी पायऱ्यांखाली ब्रश धूत होता. "छान नक्षी आहे हो बाई," तो म्हणाला. "पुलावर पण अशीच बघितली मी."

अध्यक्ष आतून आले. त्यांनी मासे पाहिले, सुनेकडे पाहिलं, रंगाऱ्याला उद्या ये म्हणून सांगितलं आणि दार लावून घेतलं.

"बाबा," सून म्हणाली, "मूळपुरुष नक्की काय करायचे?"

"समाजसेवा."

"ती झालीच. पण पोटापाण्यासाठी?"

अध्यक्ष घुटमळले. एरवी ही गोष्ट ते छाती फुगवून सांगत. "पुलाची देखभाल त्यांच्याकडे होती," ते म्हणाले.

"छान ठेवली हो देखभाल," सासूबाई म्हणाल्या. "अजून एक टवका उडालेला नाही."

"तू गप्प बस!"

"लग्न होऊन आले तेव्हापासून गप्पच बसले आहे. मूळपुरुष असे आणि मूळपुरुष तसे. आमटीत मीठ जास्त झालं तरी मूळपुरुषांचा अपमान. आणि त्या मूळपुरुषाने पूल विकून पायऱ्या बांधल्या!"

"विकला नाही," अध्यक्ष कळवळून म्हणाले. "विकल्याचा काय पुरावा आहे?"

"बरोबर आहे. विकला नाही. नुसताच पळवला."

अध्यक्षांनी सुनेकडे मोर्चा वळवला. आवाजात एकदम मध आला. "हे बघ बाळ, अहवालात पूर एवढंच लिहायचं. पूर आला होता की नाही? आला होता. खोटं काहीच नाही त्यात."

"आणि हाडं?"

"हाडं जनावराची असू शकतात."

"कडं घातलेलं जनावर, बाबा?"

ती नवऱ्याकडे गेली. नवरा दातांचा डॉक्टर होता आणि समोरच्या माणसाचं तोंड उघडं असल्याशिवाय त्याला बोलायची सवय नव्हती. "प्रत्येक वेळी मुळापर्यंत जायलाच हवं असं नसतं," तो उपकरणं पुसत म्हणाला. "वरून भरून टाकलं तरी पेशंट वर्षानुवर्षं मजेत राहतो."

"आणि दुखायला लागलं की?"

"तेव्हा तो दुसऱ्या डॉक्टरकडे जातो."

तिने अहवाल लिहिला. त्यात पहारीचे घाव लिहिले, गाळ लिहिला, दोन माणसं लिहिली आणि सासरच्या घराच्या पायऱ्याही लिहिल्या. हा सासरा तिच्या आजारपणात तीन जिने चढून औषध घेऊन आला होता, हेही तिला आठवत होतं. पण मनगटातलं कडं डोळ्यांसमोरून हलत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अध्यक्ष पुन्हा कामावर हजर. या वेळी पोकलेनपुढे नाही, इंजिनिअरपुढे. "किती दिवस हा खोळंबा?" ते कडाडले. "गाड्या जिवंत माणसांसाठी असतात! दगड बुजवा आणि काम सुरू करा."

इंजिनिअरने पित्ताची गोळी तोंडात टाकली आणि चवीने चघळली. इतके महिने या माणसाने त्याचा जीव खाल्ला होता. "असं कसं साहेब," तो म्हणाला. "ज्या गावाला भूतकाळ नाही त्याला भविष्यकाळ कुठला?"

या वेळी टाळ्या पडल्या नाहीत. चौघांना टाळ्या कुठल्या बाजूने वाजवायच्या हे कळेना.

रंगाऱ्याच्या तोंडी गोष्ट गावभर झाली. समितीची बैठक वाचनालयात बसली तेव्हा उभं राहायला जागा नव्हती. सुनेने सगळं सांगितलं, चित्रं दाखवली. मग उपाध्यक्ष उठले. हे औषधाच्या दुकानाचे मालक. अध्यक्षांच्या खुर्चीवर त्यांचा बऱ्याच काळापासून डोळा होता आणि आज तर दोन्ही होते.

"चोरीच्या दगडांवर उभं राहून आम्हाला वारशाचे धडे देणाऱ्यांनी," ते म्हणाले, "आत्ताच्या आत्ता राजीनामा द्यावा!"

मागून सासूबाई उठल्या. अशा बैठकीत त्या कधी बोलल्या नव्हत्या. "द्यायला लावा की," त्या म्हणाल्या. "पण आधी तुमच्या दुकानाची पायरी खरवडून बघा. काल खोकल्याचं औषध घ्यायला आले होते. रंग उडालाय तिथे शेपटी दिसते."

माणसं तिथून उठून थेट दुकानाकडे गेली. कुणीतरी किल्लीने खरवडलं. मासा निघाला, चांगला गुबगुबीत.

त्यानंतर गावात जो तो आपलं घर खरवडू लागला, आधी शेजाऱ्याचं बघायला म्हणून आणि मग धास्तीने आपलंही. शाळेच्या जोत्यात मासे होते. न्यायालयाच्या पायऱ्यांत मासे होते. तुरुंगाच्या भिंतीत होते, म्हणजे चोरांना कोंडणारी भिंतही चोरीचीच निघाली. चौकातल्या पुतळ्याच्या चबुतऱ्यात चार होते. मूळपुरुषांनी देखभाल एकट्याने केली नव्हती. सगळं गाव मदतीला होतं.

आठवडाभर गाव सुतकात असल्यासारखं होतं. कुणी कुणाच्या पायरीकडे बघेना. आणि मग अध्यक्षांनी सभा बोलावली. सुनेला वाटलं, आता हा माणूस राजीनामा देणार. तिला त्यांची थोडी कीवही आली. ते उभे राहिले, पाण्याचा घोट घेतला आणि म्हणाले, "बंधूंनो आणि भगिनींनो, आपल्या पूर्वजांची दूरदृष्टी आज सिद्ध झाली आहे."

सभा कान टवकारून बसली.

"पूर येणार हे त्यांनी ओळखलं होतं. पूल वाहून जाणार हे त्यांना दिसत होतं. मग त्यांनी काय केलं? पुलाचा एकेक दगड स्वतःच्या खांद्यावर वाहून घरोघरी सुरक्षित ठेवला! पलीकडचा खांब गाळात गाडला गेला. आपल्याकडचा आजही जसाच्या तसा आहे. फक्त जरा पसरलेला आहे. याला चोरी म्हणतात? याला जतन म्हणतात!"

मग चौघांनी टाळ्या सुरू केल्या आणि बघता बघता सगळं वाचनालय दणाणलं. उपाध्यक्षांनी उठून अध्यक्षांना मिठी मारली. लोकांच्या मनावरचं ओझं उतरलं होतं, डोळ्यांत पाणी होतं.

सून टाळ्या थांबेपर्यंत उभी राहिली. "आणि ती दोन माणसं?" तिने विचारलं. "गाडीतली?"

अध्यक्षांनी सभागृहावरून नजर फिरवली आणि शांतपणे म्हणाले, "ती परगावची असणार."

आणि खरोखर सगळ्यांना बरं वाटलं. माना डोलल्या. परगावची. अर्थात. आपल्यातली असती तर आपल्याला माहीत नसती का?

त्यानंतर माशाला भलताच भाव आला. मासेवाले दगड कोरे ठेवून बाकीच्या भिंती रंगवण्याची पद्धत पडली. लग्न जुळवताना "माशाचं घर आहे" असं सांगू लागले. ज्यांच्याकडे मासा नव्हता त्यांची तोंडं उतरली, कारण त्यांचे पूर्वज आता आळशी ठरत होते. मग पाथरवटाला दम खायला उसंत मिळेना. नव्या वसाहतीत सिमेंटच्या बंगल्यांनाही मासे फुटले, आणि एकाने तर हौसेने देवमासा काढून घेतला.

अध्यक्ष घरात सुनेशी पूर्वीपेक्षा गोड बोलू लागले. त्यांनी अहवाल वाचला नव्हता, पण त्याचं कौतुक मात्र सगळीकडे करत. "आमच्या सूनबाईंमुळेच हे उजेडात आलं," ते म्हणत. तिला याचा जितका संताप येई तितका कुणी शिव्या दिल्या असत्या तर आला नसता.

इंजिनिअरने मात्र वरच्यांशी भांडून नव्या पुलाचा पाया थोडा बाजूला सरकवला. जुन्या खांबाचे उरलेले थर नव्या फलाटाच्या टोकाला काचेखाली राखले. ती दोन माणसं नदीकाठी, पाणी पोचणार नाही अशा उंचीवर, पुन्हा पुरली. गावातून कुणी आलं नाही. सासूबाई आल्या, इंजिनिअर आला, आणि यंत्रावरचे काही कामगार हेल्मेट काढून उभे राहिले.

फलकाचा मजकूर समितीने पाठवला. 'लोकसहभागातून जतन झालेला पूल' असं त्यात होतं. सून तो घेऊन इंजिनिअरकडे गेली.

"फलाट रेल्वेचा," तो म्हणाला. "समितीची वाक्यं लावतो, नाहीतर मला इथून सुटका नाही. पण तळाला जागा उरते. तिथे काय लिहू?"

तिने सांगितलं आणि त्याने लिहिलं. 'गावकऱ्यांनी खांबाचे दगड काढून नेल्यामुळे हा पूल पुरात कोसळला. त्यात किमान दोन माणसं मेली. एक लहान मूल होतं.'

उद्घाटनाला मंत्री आले, बँड वाजला, अध्यक्षांनी भाषण केलं. सासू आणि सून गर्दी पांगल्यावर फलकापाशी गेल्या. समितीची वाक्यं ठळक, सोनेरी अक्षरांत झळकत होती. त्यांच्या खालच्या भागापुढे थंड पाण्याचं भलंमोठं यंत्र उभं होतं. समितीकडून सप्रेम भेट.

सून स्टेशनमास्तरकडे गेली. "मी काय करू बाई," तो म्हणाला, "अध्यक्षांनी स्वतः जागा दाखवली. प्लगही तिथेच आहे."

ती परत आली तेव्हा सासूबाईंनी पर्स बाकावर ठेवली होती आणि बाह्या वर सारल्या होत्या.

"आई, जड आहे हो ते."

"मग तू काय नुसती बघणार आहेस? त्या बाजूने लाव खांदा."

दोघींनी खांदा लावला. यंत्र करकरलं, हललं, पुन्हा अडलं. पलीकडे इंजिनिअर समारंभाच्या खुर्च्या मोजून घेत होता, तो धावत आला आणि काही न विचारता मधे घुसला. गाडीची वाट बघणारे लोक वळून बघू लागले. यंत्राची वायर ताणली गेली, प्लग सुटला, दिवा विझला. फलकाचा तळ मोकळा झाला.

हातात रिकामी बाटली घेतलेला एक प्रवासी वैतागून पुढे आला. "अहो, पाणी कुठून भरायचं आता?"

"थांबा, दुसरीकडे जोडून देतो," इंजिनिअर धापा टाकत म्हणाला. "तोवर तेवढं वाचा."

प्रवासी कुरकुरत खाली वाकला आणि वाचू लागला.